स्टनवर स्टन वाया जातोय? माइक बंद ठेवून डोटामध्ये टीमच्या अल्टी जुळवायच्या कशा

डोटा २ हा पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन गेम. त्यात स्पेल म्हणजे हिरोची, म्हणजे खेळातल्या पात्राची, खास शक्ती. स्टन म्हणजे शत्रूला काही क्षण जागच्या जागी खिळवणारी स्पेल, आणि अल्टी म्हणजे हिरोची सर्वांत मोठी स्पेल, जी एकदा वापरली की काही वेळ पुन्हा वापरता येत नाही. आधी लक्षणं. यांतली दोन-तीन एकाच मॅचमध्ये दिसत असतील तर पुढचं वाचा. एखादं कधीमधी दिसलं तर तो खेळाचाच भाग, सोडून द्या.

– तुमचा लायन आणि टीममधला शॅडो शॅमन हे हिरो एकाच शत्रूवर एकाच क्षणी स्टन टाकतात. शत्रू दोन सेकंद उभा राहतो आणि मग ब्लिंक मारून (एका झेपेत लांब पोचून) निघून जातो. तेव्हा तुमच्या दोघांच्याही हातात काही उरलेलं नसतं.
– ऑफलेनर, म्हणजे लढाई सुरू करून देणारा खेळाडू, उडी मारतो. बाकीचे चौघे अजून जंगलात क्रीप (पैसे मिळवून देणारे प्राणी) मारताहेत. तो मरतो आणि मग मॅपवर प्रश्नचिन्हांचा पाऊस.
– उडी छान, जागाही छान, पण जिच्यावर सगळा डाव होता त्या अल्टीला अजून वीस सेकंद बाकी.
– तीन अल्टी एका सपोर्टवर (टीमच्या मदतनीसावर) संपतात. सपोर्ट मरतो खरा, पण मागून त्यांचा कॅरी (मुख्य मारा करणारा) चालत येतो आणि पाचही जणांना एकेक करून उचलतो.
– फेसलेस व्हॉइडच्या क्रोनोस्फिअरमध्ये (आतल्या सगळ्यांना गोठवणाऱ्या गोलात) शत्रूचे दोन आणि आपले तीन गोठलेले.

डोटा २ चंच उदाहरण घेतेय, कारण मी त्यात पाच नंबरचा (टीममध्ये सर्वांत कमी पैसे घेणारा) सपोर्ट खेळते आणि ही दुरुस्ती बहुतेक वेळा सपोर्टच्याच गळ्यात पडते. माइक बंद का, याची कारणं ज्याची त्याला ठाऊक असतात. रात्री अकरानंतर शेजारच्या खोलीत आई-वडील झोपलेले असतात, हॉस्टेलवर रूममेटची सकाळी परीक्षा असते, कुणाला ऐकूच कमी येतं. आणि बाईचा आवाज कानावर पडला की काही जणांचं खेळावरचं लक्ष उडतं ते वेगळंच. तेव्हा ‘माइक घे’ हा सल्ला इथे मिळणार नाही. अगदीच नाइलाज कुठे होतो ते शेवटी सांगते.

हा बिघाड दिसतो लढाईत, पण होतो त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात. लढाई पेटली की चॅट कुणी वाचत नाही. माइकवाल्या टीममध्येसुद्धा त्या चार सेकंदांत आरडाओरड्यापलीकडे फारसं काही ऐकू येत नाही. म्हणून खालच्या सगळ्या तपासण्या दोनच गोष्टींभोवती फिरतात: लढाईआधी काय सांगितलं गेलं, आणि लढाईत कोण कशाकडे बघून बटण दाबतंय.

तपासणी १: तुमचं सांगणं पोचतंय का? (फुकट, पाच मिनिटं)

टीमला दोष देण्याआधी हे बघा. ‘डेमो हीरो’मध्ये जा, ऑल्ट दाबून स्वतःच्या अल्टीच्या चित्रावर क्लिक करा. चॅटमध्ये ओळ उमटली पाहिजे. उमटत नसेल तर सेटिंग्जमध्ये ऑल्ट दुसऱ्या कशाला तरी बांधलेला असतो, किंवा कीबोर्डची ती कळच मेलेली असते. जुन्या कीबोर्डवर डावा ऑल्ट लवकर जातो. उजवा दाबून बघितलं की लगेच कळतं.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी एक खास भानगड आहे. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड बसवलेला असेल तर डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. डोटामध्ये शिफ्टने हुकूम रांगेत लागतात आणि ऑल्टने पिंग होतो (टीमला खूण जाते), म्हणजे ऐन गडबडीत दोन्ही एकत्र दाबले जाणारच. मग तुम्ही ‘वेट’ लिहायला जाता आणि चॅटमध्ये देवनागरीतली निरर्थक अक्षरं पडतात. सिंगापूरकडचा पोरगा ती वाचणार कशी? विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलण्याचा हा शॉर्टकट बंद करा. विंडोज कळ आणि स्पेस वापरून भाषा तशीही बदलता येते.

उलट बाजूही तपासा. मागच्या एखाद्या वाईट मॅचनंतर रागाने ‘सगळ्यांचं चॅट बंद’ करून ठेवलंय का? अनेकांचं तसंच राहून जातं आणि मग ‘कुणी काही सांगतच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

तपासणी २: लॅगचा आकडा बघा (फुकट, एक मिनिट)

सेटिंग्जमध्ये नेटवर्कची माहिती स्क्रीनवर दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. दोन आकडे महत्त्वाचे: पिंग (इथे खूण नव्हे, सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि लॉस (वाटेत गळणारा डेटा). लॉस शून्याजवळ राहिला पाहिजे. पिंग जास्त पण स्थिर असेल तर त्याची सवय करता येते, हात आपोआप थोडं आधी बटण दाबायला शिकतो. पिंग साठवरून दोनशेवर आणि परत साठवर अशा उड्या मारत असेल, किंवा लॉस सारखा दिसत असेल, तर पुढच्या तपासण्या करून काही उपयोग नाही. स्टनला स्टन जोडण्यात जो फरक पडतो तो सेकंदाच्या दोन-तीन दशांशांचा असतो आणि तुमची लाइन तेवढाच वेळ खाऊन टाकते.

मॅच शोधताना कोणते विभाग निवडलेत तेही बघा. भारताच्या सर्व्हरवर पिंग कमी मिळतो, पण मॅच मिळायला वेळ लागतो म्हणून पुष्कळ जण आग्नेय आशियाचाही पर्याय टिकवून ठेवतात. ठेवा, पण मग सोबतीला येणारे टागालोग, बहासा नाहीतर थाई बोलणारे असतील हे गृहीत धरा. त्यांच्याशी माइकवरसुद्धा तुमचं फारसं जमलं नसतं. चौथ्या तपासणीत याचा उपाय आहे.

वायफाय असेल तर एकदा तरी केबल जोडून खेळून बघा. दोनशे-तीनशे रुपयांची केबल आहे, मित्राकडून उसनी आणली तरी चालेल.

तपासणी ३: अल्टीची स्थिती सांगितली का? (फुकट, पण सवय लावावी लागते)

ऑल्ट धरून अल्टीवर क्लिक केलं की टीमला तिची नेमकी अवस्था जाते: तयार आहे, इतके सेकंद बाकी आहेत, किंवा मॅना (स्पेलला लागणारी ऊर्जा) पुरत नाही. यात तुम्ही एक अक्षरही लिहीत नाही. तरीही बहुतेक लोक हे लढाई संपल्यावर करतात, ‘माझी नव्हती रे’ अशी सफाई द्यायला. तेव्हा त्याचा काय उपयोग?

योग्य वेळा तीन आहेत. टीम एकत्र जमायला लागली की एकदा. स्मोक (टीमला लपवणारी वस्तू) लावण्याआधी एकदा. आणि अल्टी तयार व्हायला दहा-पंधरा सेकंद असताना टीम पुढे सरकतेय असं दिसलं, तर ताबडतोब. हा तिसरा पिंग सर्वांत मोलाचा, कारण त्यात ‘थांबा’ आणि ‘किती वेळ’ दोन्ही येतात. नुसतं ‘थांबा’ म्हटलं तर अनोळखी माणूस थांबत नाही. ‘बारा सेकंद’ म्हटलं की बरेचदा थांबतो. किती थांबायचं ते कळलं की माणसाला धीर निघतो.

एकदाच क्लिक करा, फार तर दोनदा. सात-आठ वेळा ठोकलं की गेमच तुमचे पिंग काही वेळ रोखतो आणि तोवर तुमच्या पिंगकडे बघणंही टीमने सोडलेलं असतं.

दुसऱ्यांची स्थिती बघण्यासाठी स्क्रीनच्या वर हिरोंच्या चित्रांजवळचे हिरवे दिवे बघा. आपल्या टीममधल्या कुणाची अल्टी तयार असली की त्याचा दिवा लागतो. नेमकं जाणून घ्यायचं तर त्याच्यावर क्लिक करून त्याच्या स्पेल्स आणि वस्तू बघा, कूलडाऊन (पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ) दिसतो. म्हणजे समोरचा काही सांगत नसला तरी निम्मी माहिती उघडीच पडलेली असते. लढाईत उतरण्याआधी वरच्या पट्टीवर एक नजर टाकणं हीच यातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे, आणि लोक करत नाहीत तीही हीच.

बाकीच्या गेममध्येही ही सोय वेगवेगळ्या रूपांत आहे. लीग ऑफ लेजेंड्समध्ये ऑल्ट-क्लिक असंच चालतं. ओव्हरवॉचमध्ये अल्टी किती भरली ते सांगायचं वेगळं बटण आहे. व्हॅलोरंटमध्ये स्कोअरबोर्ड उघडला की आपल्या माणसांचे अल्टीचे पॉइंट दिसतात.

तपासणी ४: चॅट व्हील नीट भरलंय का? (फुकट, दहा मिनिटं)

वाय कळ दाबून धरली की जे चक्र येतं ते चॅट व्हील. त्यातली तयार वाक्यं समोरच्याच्या गेमच्या भाषेत उमटतात. तुम्ही इंग्रजीत पाठवलं तरी थाई भाषेत गेम चालवणाऱ्याला ते थाईत दिसतं. हाताने टाइप करण्यापेक्षा हे भारी पडतं ते वेगामुळे कमी आणि या भाषांतरामुळे जास्त.

आलेलं चक्र तसंच ठेवू नका. सेटिंग्जमध्ये वाक्यं बदलता येतात. लढाई जुळवायला मला चार पुरतात: एकत्र या, मागे या, सावध राहा आणि स्मोकचं एक. बाकीच्या जागी ‘छान खेळलास’ ठेवा. हसू नका, अनोळखी टीममध्ये पहिल्या दहा मिनिटांत कुणाला तरी ‘छान’ म्हटलेल्या सपोर्टचा पिंग पुढे ऐकला जातो. विनोदी आवाज आणि डिवचणारी वाक्यं चक्रातून काढून टाका. घाईत चुकीच्या दिशेला माउस गेला आणि ‘मागे या’ऐवजी टोमणा गेला की ती मॅच तिथेच संपते.

तपासणी ५: दोन स्टन एकावर एक पडताहेत का? (कौशल्याचा भाग इथून सुरू होतो)

डोटामध्ये स्टनची बेरीज होत नाही. दोन सेकंदांचे दोन स्टन एकाच क्षणी लागले तर शत्रू दोनच सेकंद अडकतो. तेच एकामागून एक लागले तर जवळजवळ चार. या दोन सेकंदांत कॅरीचे कितीतरी घाव बसतात, म्हणजे शत्रू मरतो की वाचतो ते इथे ठरतं. हेक्सचंही (शत्रूला काही क्षण निरुपद्रवी प्राणी बनवणारी स्पेल) तेच: स्टन चालू असताना टाकलेला हेक्स म्हणजे वाया गेलेला हेक्स.

आवाज नसताना ‘आता तू’ कोण म्हणणार? शत्रूच्या डोक्यावरची पट्टी. स्टन लागला की तिथे एक पट्टी येते आणि वेळ संपेल तशी आटत जाते. ती सगळ्यांना सारखीच दिसते. माइकवरून कुणी मोजून देण्यापेक्षा ती जास्त अचूक आहे. फक्त तिच्याकडे बघायची सवय हवी, आणि तुमच्या स्पेलला लागायला किती वेळ लागतो ते ठाऊक हवं.

इथेच लोक घोटाळतात. पट्टी एकच असली तरी प्रत्येकाने बटण दाबायचा क्षण वेगळा आहे. कुंकाचा टॉरेंट जमिनीखालून वर यायला १.६ सेकंद घेतो. सोबत्याचा स्टन दोन सेकंदांचा असेल तर कुंकाला पट्टी दिसताक्षणी टॉरेंट टाकायला हवा. तो पट्टी आटायची वाट बघत बसला तर पाणी रिकाम्या जमिनीतून उसळणार. लीनाच्या लाइट स्ट्राइक अॅरेला अर्धा सेकंद लागतो, वर हात फिरवायचा थोडा वेळ. म्हणजे तिने पट्टी निम्म्याखाली आली की टाकायचा. लायन किंवा शॅमनचा हेक्स तत्काळ लागतो, म्हणून तो अगदी शेवटी, पट्टी संपता संपता. सूत्र सोपं आहे: उशिरा लागणारं आधी टाका, लगेच लागणारं हातात राखून ठेवा. पिंग जास्त असेल तर त्यात तेवढी भर घालून आणखी थोडं आधी.

आता खरा प्रश्न. हे सूत्र तुम्हाला कळलं, टीममधल्या अनोळखी चौघांना कुठे ठाऊक आहे? त्यांना शिकवायला जाऊ नका. चॅटमध्ये स्टनचा तास घेणाऱ्याला म्यूट करतात. उपाय एकट्याने करता येण्यासारखा आहे: तुम्ही मागे राहा. गप्प टीममध्ये प्रत्येकाला पहिलं बटण स्वतः दाबायचं असतं. दाबू द्या. ज्याने स्पेल राखून ठेवली त्याच्या हाती सगळ्यांचा क्रम येतो, न बोलता. लायनचा ‘अर्थ स्पाइक’ हा स्टन आधी गेला असेल तरी हेक्स अर्धा-पाऊण सेकंद दाबून धरा आणि बघा सोबत्यांकडून काय येतंय. काही आलं तर त्याची पट्टी संपेपर्यंत थांबा. काही आलं नाही तर तुमचा हेक्स आहेच.

याला अपवाद आहे. शत्रूने टेलिपोर्ट सुरू केला असेल, किंवा त्याच्याकडे ब्लॅक किंग बार (काही सेकंद स्पेलपासून वाचवणारी वस्तू) आहे आणि तो दाबायच्या बेतात आहे, तर क्रम-बिम विसरा आणि हातात असेल ते टाका. दोन स्टन वाया गेलेले परवडले, शत्रू घरी गेलेला परवडत नाही.

मिरानाच्या बाणासारखी स्पेल असेल तर प्रकरण नाजूक होतं. बाण जितक्या लांबून येतो तितका स्टन मोठा, पण तेवढा वेळ शत्रू जागेवर राहायला हवा. बेनने नाइटमेअर टाकून त्याला झोपवलं की मिरानाला निवांत बाण मारता येतो. मग टीममधला कुणीतरी उतावळा झोपलेल्या शत्रूवर एक घाव घालतो, झोप मोडते आणि बाण बाजूने निघून जातो. बेन आणि मिराना एकाच टीममध्ये असतील तर नाइटमेअर टाकताच त्या शत्रूवर सावधानतेचा पिंग द्या, कंट्रोल आणि ऑल्ट धरून क्लिक. पाचात तीन वेळा तरी लोक हात आवरतात.

तपासणी ६: उडी मारणारा आणि बाकीचे यांच्यात अंतर किती? (नकाशा वाचायची सवय)

ब्लिंक डॅगर या वस्तूची झेप १२०० युनिटची. मॅग्नस, अॅक्स किंवा अर्थशेकर तेवढं अंतर क्षणात कापतो आणि तुम्हाला ते पायी कापायचं असतं. म्हणून त्याच्याकडे ब्लिंक आला, हे दिसल्या दिसल्या तुमची उभं राहायची जागा बदलली पाहिजे. त्याच्या मागे पडू नका. तो जिथे उतरेल तिथवर तुमची स्पेल पोचेल, असे उभे राहा.

ब्लिंकचा दुसरा नियम टीमने लक्षात ठेवायला हवा: शत्रूच्या हिरोकडून मार बसला की तीन सेकंद ब्लिंक चालत नाही. उडी मारणारा झाडीत लपून बसलेला असताना तुम्ही पुढे जाऊन चकमक उकरून काढली आणि एखादी जमिनीवरची स्पेल त्याला चाटून गेली, तर त्याची उडी गेली. मग तो ‘का नाही मारली उडी’ म्हणून शिव्या खातो. बिचाऱ्याला मारताच येत नव्हती.

सगळ्यांना एकत्र आणायला स्मोक ऑफ डिसीटसारखं साधन नाही. ते लावलं की आजूबाजूचे आपले सगळे एकदम अदृश्य होतात, थोडे वेगाने चालतात आणि शत्रूच्या जवळ गेल्यावर उघडे पडतात. शिवाय आपल्यावर धूर बसला म्हटल्यावर निवांत फार्म करणारा (क्रीप मारून पैसे जमवणारा) कॅरीसुद्धा मुकाट्याने मागे चालायला लागतो. ‘चला’ असं दहा वेळा लिहून जे होत नाही ते एका स्मोकने होतं. क्रम असा ठेवा: नकाशावर जायची जागा पिंग करा, हवं तर कंट्रोल धरून मिनिमॅपवर वाटेची रेघ ओढा, स्वतःची अल्टी ऑल्ट-क्लिक करा, मग स्मोक. कुठे आणि कशाने, ही दोन्ही उत्तरं टीमला मिळाली. तिसरं, कधी, ते स्मोकच सांगतो.

तपासणी ७: कोणती अल्टी कोणाच्या आधी (मॅचआधी विचार करायची गोष्ट)

पकडणाऱ्या अल्टी आधी, मारणाऱ्या नंतर, एवढं बहुतेकांना कळतं. अडचण येते ती दोन्ही पकडणाऱ्या असतात तेव्हा. टाइडहंटरचा रॅव्हेज आणि एनिग्माचं ब्लॅक होल एकाच टीममध्ये असेल तर रॅव्हेज आधी जाऊ द्या. ब्लॅक होल धरून ठेवावं लागतं, कुणीही बाहेरून एक स्टन मारला की तुटतं. रॅव्हेजने शत्रूंना आडवं पाडलं, त्यांचे स्टन आणि ब्लॅक किंग बार खर्ची पडले, की मग एनिग्माने यावं. एनिग्मा तुम्ही असाल तर हे आपोआप तुमच्या हातात आहे. टाइड तुम्ही असाल आणि एनिग्माचा दिवा हिरवा असेल, तर तुम्ही लवकर जा, त्याला वाट बघायला लावू नका.

दिसणारी खूण हाच गप्प टीमचा घड्याळाचा काटा, आणि हे मोठ्या स्टेजवरसुद्धा खरं आहे. २०१५ च्या द इंटरनॅशनल या डोटाच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत सीडीईसीची टीम रोशन या राक्षसाच्या खड्ड्यात गोळा झाली होती. समोरच्या इव्हिल जिनियसेस टीममधल्या पीपीडी या खेळाडूचा एन्शंट अॅपॅरिशन होता आणि युनिव्हर्सचा अर्थशेकर. आइस ब्लास्ट आणि एको स्लॅम या त्यांच्या अल्टी तिथे लागोपाठ पडल्या आणि ती लढाई इतिहासात गेली. ते अर्थातच एकमेकांशी बोलत होते. पण आइस ब्लास्टचा गोळा उडत जातो आणि तो स्वतःच्या टीमला दिसतो. असा गोळा दिसला की तो पडेल त्या सुमाराला आपण आत असायचं, यासाठी माइक लागत नाही.

हिरो निवडतानाही हाच निकष लावा. क्रोनोस्फिअर आपल्या माणसांनाही गोठवतं, म्हणून अनोळखी गप्प टीममध्ये फेसलेस व्हॉइड आला की मी लांबून मारणारं काहीतरी घेते. विच डॉक्टरचा डेथ वॉर्ड बाहेर उभा राहून आत मारतो, त्याला आत शिरायची गरजच नाही. ज्यांचा कॉम्बो स्वतःपुरता पूर्ण असतो असे हिरोही बरे. डिसरप्टर कायनेटिक फील्डने कोंडतो आणि त्यावर स्टॅटिक स्टॉर्म स्वतःच टाकतो, दुसऱ्याची वाट बघत नाही.

तपासणी ८: रिप्ले (एक संध्याकाळ जाते)

वरचं सगळं करूनही दर मॅचला तेच होत असेल तर एक हरलेली मॅच उघडा. जुने रिप्ले काही दिवसांनी मिळेनासे होतात, तेव्हा त्याच आठवड्यात बघा. पूर्ण बघू नका, कंटाळा येईल. फक्त हरलेल्या मोठ्या लढाया काढा आणि प्रत्येकीच्या तीस सेकंद आधीपासून बघा, आधी स्वतःच्या नजरेतून आणि मग उडी मारणाऱ्याच्या. तो उडाला तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तुम्ही दिसत होतात का, एवढंच तपासा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं. त्याच्या स्क्रीनवर तुम्ही असता आणि तुमच्या स्क्रीनवर तो नसतो, कारण तुम्ही दुकान उघडून बसलेले असता.

इथे थांबा, पुढचं काम दुसऱ्याचं आहे

केबल जोडूनही लॉस दिसत असेल तर गेमच्या सेटिंग्ज उलटसुलट करत बसू नका. कमांड प्रॉम्प्टमधून आधी राउटरला पिंग करून बघा, पत्ता राउटरच्या लेबलवर असतो. तिथपर्यंत स्वच्छ जातंय आणि बाहेर गळतंय, तर दोष लाइनचा. इंटरनेटवाल्याला बोलवा आणि ‘गेम अडकतो’ असं सांगू नका. ‘केबलवर राउटरपर्यंत लॉस शून्य, बाहेर लॉस आहे, अमुक ते अमुक वेळेत जास्त’ असं सांगा, म्हणजे तो राउटर बंद-चालू करून निघून जाणार नाही. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला असेल तर वायर स्वतः काढू-वाकवू नका आणि तिच्या टोकात डोळा लावून बघू नका. ते काम त्याचंच.

संवादाचा गुण (कम्युनिकेशन स्कोअर) घसरून तुमचं चॅट गेमनेच बंद केलं असेल तर त्याला शॉर्टकट नाही, शांतपणे मॅच खेळत राहायच्या. ‘अकाउंट नीट करून देतो’ म्हणून पैसे आणि पासवर्ड मागणारे भेटतील. त्यांना दोन्ही देऊ नका.

काही डाव गप्प राहून जमतच नाहीत. आयोने कुणाला तरी बांधून रीलोकेटने नकाशाच्या दुसऱ्या टोकाला नेणं हा त्यातला एक. ज्याला न्यायचं त्याच्याशी कुठे, कधी आणि परत सोबत यायचं की नाही हे बोलून ठरवावं लागतं. असा हिरो खेळायचा असेल तर ओळखीच्या माणसासोबत, माइक चालू ठेवता येईल अशा वेळी खेळा. पाच मित्रांची कायमची टीम असेल आणि स्पर्धेत उतरायचं असेल, तर एखाद्या जाणत्या खेळाडूला प्रशिक्षक म्हणून बसवून दोन मॅच बघायला लावा. डोटाच्या लॉबीत प्रशिक्षकाची जागा असते. आपापसांत भांडून जे महिनाभर कळत नाही ते बाहेरच्याला पटकन दिसतं.

आणि डावा अंगठा. ऑल्ट सारखा दाबून तो दुखायला लागला तर माउसच्या बाजूच्या बटणावर ऑल्ट नेऊन बघा, बरेच माउस त्यांच्या सॉफ्टवेअरमधून हे करू देतात. खेळणं थांबवल्यावरही अंगठ्यात किंवा मनगटात मुंग्या येत असतील, रात्री जाग येत असेल, तर मलम चोळत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तितके दिवस कीबोर्डला हात लावू नका.